परदेशचा पैसा आणि दसऱ्याचा मुहूर्त

माझ्या भाच्याने पाठविलेले पैसे परत आले, तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त राग मला आला.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. गेली बावीस वर्षे तो अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. नोकरी उत्तम, बायको गुणी, दोन मुले. सगळे यथास्थित असूनही दिवाळी जवळ आली की त्याला काहीतरी टोचू लागते. तिथल्या महाराष्ट्र मंडळात एकदा कोणीतरी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांविषयी बोलले, आणि तेव्हापासून तो तिकडच्या एका लहानशा संस्थेला दरवर्षी पैसे पाठवू लागला. आईबाप ऊस तोडायला परमुलखात गेले, की मागे राहिलेल्या मुलांना ही संस्था सांभाळते. चार वर्षे हे सुरळीत चालले. पाचव्या वर्षी पैसे गेले आणि दहा दिवसांत जसेच्या तसे परत आले. सोबत नम्र पत्र होते : "आपण अमेरिकेचे नागरिक झाल्याचे समजले. मनःपूर्वक अभिनंदन. त्यामुळे यापुढे आपली देणगी आम्हांला घेता येत नाही. क्षमस्व."

नागरिकत्वाची शपथ घेतानाचे छायाचित्र त्यानेच मोठ्या हौसेने त्यांना धाडले होते!

"हा कुठला न्याय?" मी फणकाऱ्याने म्हटले. आमच्या शेजारी एक हिशेबतपासनीस राहतात. त्यांच्याकडे गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, पत्र अगदी बरोबर आहे. उलट, संस्था प्रामाणिक आहे असे समजा."

त्यांनी जे समजावून सांगितले ते परदेशी मुले असलेल्या प्रत्येक घराने ऐकून ठेवावे असे आहे. परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा आपल्याकडे प्रथम १९७६ साली आला, २०१० साली तो नव्याने झाला आणि २०२० साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. भारतीय पासपोर्ट बाळगणारा माणूस परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या मार्गाने देणगी देतो, ती परकीय धरली जात नाही. पण त्याच माणसाने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की त्याच दिवसापासून त्याचा पैसा परका होतो. परका पैसा घ्यायचा तर संस्थेची केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी लागते. त्यासाठी संस्था निदान तीन वर्षांची हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने १५ लाख रुपये प्रत्यक्ष कामावर खर्चलेले हवेत. पत्र्याच्या दोन खोल्यांत वसतिगृह चालवणाऱ्यांनी एवढा खर्च आणायचा कुठून?

"मग पैसे माझ्या नावावर येऊ देत, मी देते," मी म्हटले.

"असला वळसा कायद्याला चालत नाही," ते हसून म्हणाले. "पूर्वी शहरातली एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी देणगी घ्यायची आणि खेड्यातल्या लहान संस्थांना वाटून द्यायची. २०२० पासून तेही बंद झाले. ज्याने घेतले त्यानेच खर्च करायचे."

रात्री भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. "मावशी, एका दिवसात मी परका झालो बघ. तू एकदा तिथे जाऊन ये ना. चार वर्षे मी नक्की कशाला पैसे देत होतो, ते तरी बघून सांग."

मी निवृत्त शिक्षिका. छत्तीस वर्षे गणित शिकवले. त्यांपैकी सुरुवातीची चार वर्षे साखर कारखान्याच्या एका गावी गेली. थंडीच्या दिवसांत शाळेच्या कुंपणापलीकडे पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. त्यांतली मुले गजांना धरून आमची प्रार्थना ऐकत उभी असत. ती कुठून येतात, कोणत्या शाळेतून उठून येतात, हे चार वर्षांत मी एकदाही विचारले नाही. शिपायाला मात्र दोनदा सांगितले होते, की ती पोरे गलका करतात, त्यांना हाकल. भाच्याचा फोन खाली ठेवल्यावर मला ते गज आठवले. दसऱ्याला नऊ दिवस होते. मी बीडच्या एसटीत बसले.

जामखेडचा धडा

बीड हे माझ्या आईच्या माहेरकडचे. ती अंबाजोगाईची, पण तोंडात नाव निजामी अमदानीतले, 'मोमिनाबाद'. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांकडे. तेव्हाची ती सरहद्द आज कोणाच्या ध्यानीमनीही नाही. पण पुण्याहून बीडला जाणारी एसटी तिची आठवण करून देते. नगर सोडले (आता त्याचे नाव अहिल्यानगर आहे) की कडा-आष्टीला गाडी बीड जिल्ह्यात शिरते, जामखेडला पुन्हा नगर जिल्ह्यात जाते आणि पाटोद्याच्या बाजूने परत बीडमध्ये येते. दोन्ही बाजूंना जमीन तीच, माळरान तेच, आणि पाऊस रुसलेला तोही तसाच.

जामखेडला गाडी वीस मिनिटे थांबली. शेजारच्या आसनावरच्या गृहस्थांनी चहा पिता पिता एका दिशेला बोट दाखवले. "तिकडे आरोळे डॉक्टरांचा दवाखाना." मला एकदम आठवले, परदेशच्या मदतीचा याहून चांगला धडा मराठी मुलखात दुसरा शोधावा लागेल.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ती दोघे परतली आणि १९७० साली जामखेडला, जनावरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम मांडले. बाहेरची मदत त्यांनी घेतली. पण तिचा उपयोग कुठे करायचा, हे मदत देणाऱ्याने नव्हे, तर गाव ओळखणाऱ्याने ठरवले. १९७२ च्या दुष्काळाच्या त्या काळात विंधनविहिरी घ्यायच्या होत्या. यंत्र बाहेरून येऊ शकते. पण विहीर कोणत्या आळीत घ्यायची? आरोळ्यांनी ती दलितवस्तीत घेण्याचा आग्रह धरला. पाण्याला सगळ्यांनाच जावे लागते. जी पायरी व्याख्यानांनी उतरली नसती, ती घागरींनी उतरली.

पुढे त्यांनी गावोगावच्या बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केले. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. बाळंतपण, लसटोचणी, अतिसार, मुलांचे वजन, या साऱ्यांत त्या इतक्या तरबेज झाल्या, की १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चाललेल्या आरोग्यकार्याचे जे पुस्तक काढले, त्यात जामखेडची कथा आली. १९७९ साली डॉ. आरोळ्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९९४ पासून तर जामखेडला प्रशिक्षणसंस्थाच आहे. देशोदेशीचे डॉक्टर आणि कार्यकर्ते तिथे येतात आणि नऊवारी नेसलेल्या बायकांकडून शिकून जातात!

त्यांतल्याच एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्या वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे पाहून त्यांनी सांगितले, की ही झुंबरे सुंदर खरी, पण महाग आणि हाताला न लागणारी. मग त्यांनी साधा दिवा पेटवला आणि त्यावरून दुसरा. गावच्या आरोग्यसेविकेचे काम हे असे आहे, हे त्यांना सांगायचे होते.

गाडीचा भोंगा वाजला. पुढच्या चार दिवसांत हे मला वारंवार आठवणार होते.

कोयता म्हणजे दोन माणसे

त्या संस्थेचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या मुलीविषयी लिहायचे आहे तिला ते बाधू नये. बालाघाटच्या डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव. वसतिगृह म्हणजे पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक स्वयंपाकघर आणि समोर कडुनिंब. चालक तिशीतला तरुण. मुले त्याला 'दादा' म्हणतात आणि त्याच्या बायकोला 'ताई'. दादा स्वतः ऊसतोड्याचा मुलगा. सहावीपर्यंत दर हिवाळ्यात त्याची शाळा सुटली होती.

मी गेले त्या दिवशी गावात लगबग होती. शहरात दसऱ्याआधी जशी खरेदी चालते तशी. पण इथे खरेदी होती ताडपत्रीची, नव्या कोयत्यांची, मिठामिरचीची. दसरा झाला की ट्रक येतात आणि गावे रिकामी होऊ लागतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सोलापूर-साताऱ्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. परत यायचे ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. आपल्या घरी करंज्यांत साखर पडते, तेव्हा ती घडविणारे हात घराला कुलूप लावून गेलेले असतात.

या धंद्याची भाषा मला दादाने शिकवली. 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम या जोडीला पावसाळ्यातच आगाऊ रक्कम देतो, ती 'उचल'. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. पहाटे अंधारात फडावर जायचे. ऊस बुडख्याशी तोडायचा, पाला सोलायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. एक दिवस अंथरुणाला खिळले तर 'खाडा'. त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. मग तापातही माणूस उठतो. बाळंतीण उठते. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा वाचून तेव्हा आपण सगळेच हळहळलो होतो. मग बहुधा वर्तमानपत्र घडी करून ठेवून दिले.

"बाई, मुलांचे गणित या कोयत्यापाशीच अडते," दादा म्हणाला. "धाकटे लेकरू फडावर नेले, तर त्याला सांभाळायला थोरली बहीण लागते. ती गेली की शाळा सुटली. थोरलीला गावात ठेवावे, तर म्हाताऱ्यांच्या जिवावर वयात आलेली पोर कशी ठेवायची? आणि फडावर कोपीला दार नसते. मग आईबाप तिसरा रस्ता काढतात. लग्न."

हा तिसरा रस्ता किती मळलेला आहे, हे मी नंतर पाहिले. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले होते. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के. कायदा केव्हाचाच आहे. पण मुलाच्या घरी एक कोयता अर्धा पडलेला असतो आणि मुलीच्या घरी एक काळजी वाढलेली असते. ही दोन्ही घरे एकमेकांना शोधीत येतात.

तीन पंचांगे

"परदेशच्या मदतीने नेमके काय झाले?" मी मास्तरणीच्या थाटात विचारले.

दादाने सांगितलेली हकीगत अशी. मुलांची शाळा सुटते, तर शाळाच मुलांमागे न्यावी, असा विचार आधी निघाला. २००० नंतरच्या दशकात औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या तळांवर 'साखरशाळा' चालविल्या. तिच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत 'अमेरिकन इंडिया फाउंडेशन' होते. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या भारतीयांना एकत्र आणून निघालेली ही संस्था. तळावरच्या शाळेने मुलांना अक्षरओळख सुटू दिली नाही, हे मोठेच काम. पण मूल फडावर असले की शाळा सुटताच वाढे गोळा करायला जाणारच. तेव्हा मुलाला गावातच, त्याच्या नेहमीच्या शाळेत ठेवावे आणि हंगामापुरते राहायची सोय करावी, हा मार्ग अधिक बरा दिसू लागला. २०१० मध्ये शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. सरकारनेही हंगामी वसतिगृहे सुरू केली आणि २०२१ साली ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली.

"म्हणजे बाहेरच्या पैशाने वाट दाखवली आणि सरकार त्या वाटेने आले, असे म्हणायचे?"

"थोडेफार. पण वाट दाखवणारे पैसे संपले की मध्ये खड्डा पडतो. सरकारी अनुदान उशिरा येते. दुकानदार आठवडाभर उधार देतो, महिनाभर नाही."

मग त्याने भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवले. "बाई, आमची तीन पंचांगे आहेत. अमेरिकेतले लोक कराच्या हिशेबाने डिसेंबरअखेर देणग्या देतात. आपले आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. आणि ट्रक येतात दसऱ्याला! मला दाणागोटा आणि मुलींसाठी एक बाई दसऱ्याच्या आत लागते. डिसेंबरात लाख रुपये आले, तरी मुलगी तोवर फडावर पोचलेली असते. नाहीतर सासरी."

छत्तीस वर्षे गणित शिकवून हे गणित मला सुचले नसते.

भाच्याचे आणखी एक मागणे मी त्याच्यापुढे मांडले. त्याला एका मुलीचे नाव, छायाचित्र आणि दर महिन्याला तिचे पत्र हवे होते. म्हणजे त्याच्या मुलांनाही जाणीव राहील. दादाने मान हलवली. "एका मुलीच्या नावाने पैसे आले की तिची बहीण विचारते, माझ्या नावाने का नाही? आणि छायाचित्र कुठेकुठे फिरेल कोणाला ठाऊक. उद्या हिचे लग्न ठरताना कोणी म्हणायला नको, ही ती दानावर वाढलेली. तुमच्या भाच्याला सांगा, हिशेब दरवर्षी पाठवीन, पै न पै. मुलगी पाठवणार नाही."

हे शब्द मला प्रथम जरा कडू लागले. पण आमच्या शाळेत गरीब विद्यार्थी निधीची वह्या-पुस्तके स्नेहसंमेलनात, व्यासपीठावर बोलावून वाटीत. ती घेताना एक मुलगा मान वर करीत नसे. ते मला त्या रात्री आठवले.

बीड जिल्ह्यात असे पाय रोवून उभे राहिलेले लोक पुष्कळ आहेत, हेही सांगितले पाहिजे. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ साली 'मानवलोक' उभी केली. शैलाताई लोहियांनी 'मनस्विनी'च्या रूपाने बायकांना हक्काचे दार उघडून दिले. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला नागरगोजे दांपत्याचे 'शांतिवन' ऊसतोड मजुरांच्या आणि निराधार मुलांसाठी आहे, तर बीडजवळ पालीला बारगजे दांपत्य 'इन्फंट इंडिया'मध्ये एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळते. सातासमुद्रापलीकडच्या मराठी माणसांनीही इकडच्या कार्यकर्त्यांची ओळख ठेवली आहे. अमेरिकेतल्या मंडळींनी १९७८ साली स्थापिलेले 'महाराष्ट्र फाउंडेशन' हे त्याचे ठळक उदाहरण. तिकडचा हात आणि इकडचा हात जिथे जुळले, तिथे कामे झाली. मधली साखळी तुटली, की पहिला फटका दादासारख्या लहान माणसाला बसतो.

आणि तो बसलाच होता. भाच्याचे पैसे परत गेल्यामुळे मुलींच्या खोलीतल्या जागा वीसवरून चौदावर आणाव्या लागल्या होत्या. दादाने हे मला पत्रात कळविले नव्हते. वही चाळताना मीच पाहिले.

पंधरावी मुलगी

ती नववीत होती. गणितात हुशार. पहिल्याच संध्याकाळी माझ्याशेजारी बसून तिने समीकरणे सोडवली आणि एक चूक माझी काढली! आईबापांनी लाखभर उचल घेतलेली. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. त्याला सांभाळायला हिने फडावर जायचे ठरले होते. शिवाय शेजारच्या गावाहून एक स्थळ दोनदा येऊन गेले होते.

तिसऱ्या दिवशी दादा, ताई आणि मी तिच्या घरी गेलो. बाप खाली मान घालून कोयत्याला मूठ बसवीत होता. आई बोलेना. दादाने कायदा सांगितला नाही की भाषण केले नाही. एवढेच म्हणाला, "मामा, पोरीला हॉस्टेलला ठेवा. ताई रात्री पोरींच्याच खोलीत निजते."

"आन् पोराला कोण बघंल? हिचा खाडा पडला तर मुकादम सोडतोय व्हय?" आई एकदम उसळून म्हणाली. तिचेही चुकत नव्हते.

कोणाला काही सुचेना. मीही गप्प. मी सगळी समीकरणे सोडवली होती, पण त्यांत दोन वर्षांचे मूल कधी नव्हते.

इतका वेळ उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली आजी तेव्हा बोलली. गुडघ्यांनी अधू, माझ्याच वयाची. "म्या जाते फडावर," ती म्हणाली. "लेकराला मांडीवर घेऊन बसायला गुडघं कशाला लागतेत? पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच."

"आजी, थंडी असते तिथे. कोपीत झोपावे लागेल," मी न राहवून म्हणाले.

"बाई, मी चाळीस हंगाम काढलेत तिथं. थंडी मला वळखती." मग नातीकडे न बघताच तिने पुढे सांगितले, "माझं लगीन झालं तवा मला परकर नेसाया येत नव्हता. हिला येऊ द्या समदं, मग बघू."

बाप काहीच बोलला नाही. पण त्याने मुठीवर शेवटचा घाव घातला, कोयता बाजूला ठेवला आणि दादाला विचारले, "कवा आणून सोडू?"

आता जागा चौदाच. पंधरावी कुठे घालायची? दादा आणि ताई एकमेकांकडे पाहू लागले. माझा भाचा परका झाला असला, तरी माझे निवृत्तिवेतन पूर्णपणे स्वदेशी होते. एका मुलीचा एका हंगामाचा खर्च ताईने सांगितला. गेल्या दिवाळीत मी दिवाणखान्याच्या पडद्यांवर त्याहून अधिक घालवले होते. यात मी काही मोठे केले असे नाही. घर सोडून थंडीत निघाली ती आजी. मी फक्त पैसे दिले, तेही योगायोगाने दसऱ्याच्या आत.

निघायच्या दिवशी ट्रक आला. भांडी, ताडपत्र्या, कोंबड्या, माणसे. आजीला दोघांनी उचलून वर बसवले. मांडीवर नातू. मुलगी कडुनिंबाखाली उभी होती. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती रडली नाही. मग वहीत तोंड लपवून खूप रडली. ताईने तिला रडू दिले.

पुण्याला परतल्यावर भाच्याला मी सविस्तर पत्र लिहिले, फोनवर हे मावले नसते. त्याने तिकडे शोध घेतला आणि आपले पैसे बीड जिल्ह्यातल्याच परकीय देणगीची रीतसर नोंदणी असलेल्या एका मोठ्या संस्थेला द्यायचे ठरवले. मुख्य म्हणजे, डिसेंबरची वाट न बघता आता तो ऑगस्टमध्ये पाठवतो. छायाचित्राचा हट्ट त्याने सोडला. दादाच्या लहान संस्थेची अडचण त्याने सुटली नाही. तिची काळजी आपण इथल्यांनीच घ्यायला हवी. आमच्या शेजारच्या हिशेबतपासनीसांनी तिचे हिशेब विनामूल्य लिहून द्यायला सुरुवात केली आहे. पुढेमागे तिची नोंदणी व्हावी म्हणून. मी रविवारी सकाळी फोनवर मुलींची गणिते घेते. पंधरावी अजूनही माझ्या चुका काढते.

त्या हंगामात ती नववी उत्तम गुणांनी उतरली. आजी पाडव्याला परत आली, खोकत, पण आली. यंदा मुलगी दहावीला आहे. उचल पुन्हा घेतलेली आहे, धाकटा अजून तीनच वर्षांचा आहे, आणि आजीचे गुडघे एका वर्षाने म्हातारे झाले आहेत. ते स्थळही, दादा सांगतो, पुन्हा एकदा विचारून गेले. दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबा, असे आजीने त्यांना परस्परच सांगितले.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ट्रक निघून गेलेले असतील. यंदाचा दसरा झाला. पण तुमच्या घरातले कोणी परदेशी असेल आणि पाडव्याला किंवा भाऊबीजेला त्याचा फोन येईल, तेव्हा त्याला या तीन पंचांगांची गोष्ट अवश्य सांगा. पैसे कोणाला द्यायचे, ते त्याचे त्याला ठरवू द्या. ते कधी द्यायचे, एवढे मात्र तुम्ही सांगा.